सुधारणेला नाही कोण म्हणणार

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, मतदानाच्या दिवशी, व्हर्नेल टिडवेल सकाळी साडेसहापासून बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात टेबल मांडून बसली होती. जॉर्जियातल्या टॅलो काउंटीत निवडणूक म्हटली की त्या टेबलामागे व्हर्नेल ठरलेलीच. यादीत नाव शोधायचं, सही घ्यायची आणि माणसाला पडद्याआडच्या यंत्राकडे धाडायचं, एवढंच काम. पण ती ते अशा चेहऱ्याने करी, जणू साऱ्या देशाच्या किल्ल्या तिच्याच कमरेला लटकल्या आहेत.

राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा हे जो तो घरूनच ठरवून आला होता. घोळ झाला तो यंत्राच्या माथ्यावरच्या एका पट्टीने. तिथे राज्य सरकारने जनतेला विचारलं होतं: ‘राज्यघटनेत अशी दुरुस्ती करण्यात यावी काय, की जेणेकरून काउंटी व शहरांच्या हद्दीत सामुदायिक सुधारणा क्षेत्रे स्थापन करणे व तदनुषंगिक बाबी प्राधिकृत होतील?’ खाली हो आणि नाही असे दोन खटके.

पडद्यातून एकेक मुंडकं बाहेर यायला लागलं.

"व्हर्नेल, हे वरचं काय आहे गं?"

"मला सांगायची परवानगी नाही."

"परवानगी नाही, की तुलाही कळलं नाही?"

"कळलं असतं तरी परवानगी नव्हती," व्हर्नेल म्हणाली.

पेंडीच्या दुकानाचा म्हातारा मालक बराच वेळ आत अडकला होता. शेवटी तो पडद्याआडूनच बोलला, "माझी बायको चाळीस वर्षं माझी सुधारणा करतेय. तिला कधी घटना लागली नाही." तळघर हसलं. मग आतून खटक्याचा आवाज आला आणि म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "हो म्हटलं बुवा. सुधारणेला नाही कोण म्हणणार?"

तदनुषंगिक बाबी म्हणजे काय, हे दिवसभरात कुणी विचारलं नाही.

दुपारी रॉइस हॅलफर्ड आला. हमरस्त्यावरचा मॉल त्याचा, मॉलसमोरची बँकेची इमारत त्याची, आणि बँकेमागची मोकळी जमीनही त्याचीच. तो आत जाऊन अर्ध्या मिनिटात बाहेर आला. ज्याला तो प्रश्न वाचावा लागला नाही असा तो एकटाच. जाता जाता टेबलावर वाकून, लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणायच्या तिकडच्या रीतीने म्हणाला, "मिस व्हर्नेल, वरच्या पट्टीकडे दुर्लक्ष करू नका हं. तुमच्या भल्याचीच गोष्ट आहे." व्हर्नेलला वाटलं, इतक्या मोठ्या माणसाने आपलं भलं मनात आणलं. तिने जेवणाच्या सुट्टीत ‘हो’चा खटका ओढला.

तिचं भलं कशात होतं, ते साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. हमरस्त्याच्या कडेला तिची लाँड्री होती. यंत्रात नाणं टाकायचं, आपले कपडे आपण धुवायचे आणि लांबलचक टेबलावर घड्या घालून घरी न्यायचे. कपडे लखलखीत निघत. पण दारापुढे फूटपाथ नव्हता, नुसती लाल चिकण माती. पाऊस पडला की गिऱ्हाईक स्वच्छ चादरींची टोपली घेऊन बाहेर पडे, दोन पावलं टाकी आणि घसरून परत आत येई, तीच टोपली पुन्हा धुवायला. व्हर्नेलचा नवरा एमेट म्हणायचा, "देवानेच तुला दुप्पट धंदा दिलाय, आणि तू फूटपाथ मागतेस." एमेट तीस वर्षं टेलिफोनचे खांब रोवून निवृत्त झाला होता. त्याचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

लाँड्रीच्या भिंतीवर एक पाटी होती. व्हर्नेलने स्वतः रंगवलेली, वळणदार अक्षरांत: ‘बसण्याची सोय फक्त गिऱ्हाइकांसाठी.’ वीस वर्षांपूर्वी टॅलो काउंटीतल्या पाट्या कोणी बसायचं ते कातडीच्या रंगावरून सांगत. आता पाट्या सभ्य झाल्या होत्या. लाँड्रीच्या कडेलाच, चरात रोवलेला, काउंटीच्या बसचा खांब होता. मॉलमागच्या बंगल्यांत धुणीभांडी करायला येणाऱ्या काळ्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी तिथे बसची वाट बघत. बस पाचला यायची, म्हणजे साडेपाचला. पाऊस असला की त्या आत यायला बघत, आणि व्हर्नेल पाटीकडे बघे.

त्यांच्यात एक ओडेसा पिंकनी होती. व्हर्नेलपेक्षा सहासात वर्षांनी मोठी, ताठ पाठीची, चर्चच्या गानवृंदात खालच्या पट्टीत गाणारी. पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ओडेसा पर्समधून एक हातरुमाल काढून आत आली. तिने यंत्रात नाणं टाकलं, रुमाल धुतला, वाळवला आणि टेबलाशी बसून त्याची घडी घालायला लागली. चार पदरी घातली. मोडली. तिरकी घातली. मोडली. बस येईपर्यंत वीस मिनिटं ती एका रुमालाची घडी घालत राहिली.

"एका रुमालासाठी आख्खं यंत्र लावतेस?" व्हर्नेलने विचारलं होतं.

"माझं नाक फार नाजूक आहे, मिस व्हर्नेल," ओडेसा म्हणाली. "तुम्हाला गिऱ्हाईक नकोय का?"

पाऊस आला की ओडेसा आणि तिचा रुमाल येत राहिले, अशी चार वर्षं गेली. बाकीच्या बायका छपराच्या कडेला अंग चोरून उभ्या राहत.

प्रस्ताव राज्यभर भरघोस मतांनी मंजूर झाला. दीड वर्षाने रॉइस हॅलफर्ड लोण्याचा केक घेऊन लाँड्रीत आला, तेव्हा कुठे व्हर्नेलला कळलं की आपण कशाला हो म्हटलं होतं.

"सोपं आहे," रॉइस म्हणाला. "आपण रस्त्यावरचे दुकानवाले, ऑफिसवाले एकत्र येणार. आपणच आपल्यावर जादा कर बसवणार, आणि तो पैसा आपल्याच रस्त्यावर खर्च करणार. काउंटीच्या पाया पडायला नको. राहत्या घरांना हात लावायचा नाही."

"आणि ठरवणार कोण?"

"आपणच. बोर्डावर काही जागा माणशी एक मत. बाकीच्या, ज्याची जेवढी मिळकत त्याला तेवढी मतं."

"म्हणजे तुम्हाला किती?"

रॉइस हसला. "केक खाऊन बघा. माझ्या बायकोने, ईडीथने केलाय."

क्षेत्र स्थापन व्हायला मिळकत तर हवीच होती, पण निम्म्याहून जास्त मालकांच्या सह्याही हव्या होत्या. मिळकत रॉइसकडे एकट्याकडे ढीगभर होती. डोकी मात्र व्हर्नेल, पेंडवाला, न्हावी, गाडीचे सायलेन्सर बदलणारा, अशांचीच होती. त्या आठवड्यात ईडीथने एकवीस केक भाजले. व्हर्नेलने विचारलं, "माझ्यापुढे फूटपाथ होईल?" रॉइस म्हणाला, "बाई, त्यासाठीच तर हे सगळं." तिने सही केली.

पहिल्या सभेत माणशी एक मताच्या जागेसाठी नावं मागितली, तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. रॉइसनेच व्हर्नेलचं नाव सुचवलं. "एक बाईमाणूस असलेलं बरं," तो म्हणाला. "फुलंबिलं निवडायला."

एमेटला ही बातमी कळली तेव्हा तो शेंगदाणे सोलत होता. "बोर्डावर? तू?" तो म्हणाला. "आता लाँड्रीत वर्दी देऊन यावं लागणार मला."

व्हर्नेलने मात्र बोर्ड मनावर घेतलं. नवा निळा कोट शिवला, कातडी बांधणीची वही घेतली. पहिले चार महिने नावातच गेले. अटलांटाहून बोलावलेल्या सल्लागाराने भिंतीवर कागद चिकटवले आणि सगळ्यांना हिरव्या-लाल टिकल्या वाटल्या. आवडेल तिथे हिरवी लावा, नावडेल तिथे लाल. पिकलेले बाप्ये लहान पोरांसारखे टिकल्या चिकटवत फिरले. शेवटी ‘मॅग्नोलिया गेटवे’ हे नाव निघालं. रस्त्यावर मॅग्नोलियाचं एकच झाड होतं, ते मॉलच्या पार्किंगसाठी तीन वर्षांपूर्वी पाडलं होतं. सल्लागार म्हणाला, त्याने काही बिघडत नाही, नाव भावना जागवतं.

मग दिव्यांच्या खांबांवर फुलांच्या टोपल्या लागल्या. मग टोपल्यांना पाणी घालायला एक ट्रक आला. मग फूटपाथ आला. विटांचा, नक्षीदार, चार माणसं शेजारी चालतील एवढा रुंद. तो मॉलच्या पार्किंगपासून निघाला आणि बँकेच्या दारात संपला. व्हर्नेलची लाँड्री तिथून तीनशे पावलं पुढे होती.

"पहिला टप्पा," रॉइस म्हणाला.

"आणि दुसरा?"

"त्याचा अभ्यास चालू आहे."

व्हर्नेलने एक अख्खा मंगळवार बँकेसमोर गाडीत बसून काढला आणि पुढच्या सभेत वही उघडून सांगितलं, की सकाळी नऊ ते दुपारी चार या नक्षीदार फूटपाथवरून तीन जण चालले. एक टपालवाला. एक गाडी बंद पडलेला माणूस. आणि एक कुत्रा, तोही बँकेत गेला नाही.

कुणी हसलं नाही. तिने खरा मुद्दा काढला. रस्त्यावर खरंच चालतात आणि उभ्या राहतात त्या बसवाल्या बायका. त्यांच्या खांबाशी एक बाकडं आणि वर छप्पर घालावं. हे ती त्यांच्या कळवळ्याने बोलत होती असं म्हणणं धाडसाचं होईल. खांबाशी छप्पर झालं की तिथवर फूटपाथ न्यावाच लागेल, आणि खांब तर तिच्या दाराशी, असा तिचा साधा हिशेब होता.

रॉइसने पेन खाली ठेवलं. "बाकडं ठेवलं की लोक बसतात, मिस व्हर्नेल."

"बाकड्याचं कामच ते."

"तसं नाही. आपण इथे एक वातावरण तयार करतोय. कोण कुठे रेंगाळतं याला महत्त्व आहे. आणि हे मी तुम्हाला काय सांगू?" तो इतरांकडे वळला. "मित्रहो, मिस व्हर्नेलच्या लाँड्रीत एक पाटी आहे. इतक्या नेमक्या आणि सभ्य शब्दांत मी हे कधी वाचलेलं नाही. ‘बसण्याची सोय फक्त गिऱ्हाइकांसाठी.’ मी म्हणतो, हीच पाटी पितळेत घडवून सबंध गेटवेवर लावू. आणि कल्पना कुणाची ते खाली बारीक अक्षरांत देऊ."

टाळ्या वाजल्या. सात पुरुषांनी व्हर्नेलकडे कौतुकाने बघितलं. साऱ्या आयुष्यात तिला कुणी जाहीर टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजवल्या त्या कशासाठी. पाटी तिच्या भिंतीवर होती तेव्हा ती फक्त एक पाटी होती. रॉइसच्या तोंडून ऐकल्यावर तिला पहिल्यांदाच ती नीट वाचता आली.

सभा संपताच ती लाँड्रीत गेली, खुर्चीवर चढली आणि पाटी उचकटून काढली. खिळ्यांसकट भिंतीचा पोपडा आला. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस होता. ओडेसा रुमाल काढायला लागली तशी व्हर्नेल म्हणाली, "राहू दे तो. बस. त्या बाहेरच्या सगळ्यांनाही बोलाव."

ओडेसाने भिंतीवरच्या चौकोनी डागाकडे बघितलं. "धंदा बरा चाललेला दिसतोय," ती म्हणाली.

"सभेत त्यांना माझी पाटी आवडली."

"आवडणारच. पाटी चांगली होती. आम्हाला लांबून वाचता यायची."

त्या संध्याकाळी बस पावणेसहाला आली. तोवर व्हर्नेलने सभेत काय झालं ते सगळं सांगितलं. ओडेसा आठवड्यातून दोन दिवस हॅलफर्डांच्याच घरी काम करायची. ती विचार करत म्हणाली, "मिस व्हर्नेल, रॉइससाहेब जगात कुणाला घाबरत नाहीत. फक्त भिंतीवरच्या फोटोला घाबरतात. थोरल्या बाईंच्या. त्या फोटोसमोर ते अजून सिगारेट ओढत नाहीत."

थोरल्या बाई म्हणजे युलाली हॅलफर्ड, रॉइसची आई. निम्म्या काउंटीला त्यांनी रविवारच्या शाळेत बायबल शिकवलं होतं. वारून सहा वर्षं झाली होती, तरी लोक त्यांचं नाव घेताना टोपी सारखी करत.

पुढच्या सभेला व्हर्नेल साप्ताहिकाच्या बातमीदाराला घेऊन आली. पितळी पाट्यांचा विषय निघायच्या आत ती उभी राहिली. "मी असा ठराव मांडते," ती म्हणाली, "की मॅग्नोलिया गेटवेवर दिवंगत मिसेस युलाली हॅलफर्ड यांच्या स्मरणार्थ एक मंडप उभारावा. या रस्त्याला इतकं दिलं त्या बाईंनी. आपण त्यांना काय दिलं? टोपल्या."

बातमीदार लिहून घेत होता. रॉइसचे डोळे खरोखरच भरून आले, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवायचं कारण नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. छप्पर तांब्याचं असावं हे त्यानेच सुचवलं. जागाही त्यानेच निवडली, मॉलच्या हिरवळीचा हमरस्त्याकडचा, लाँड्रीच्या बाजूचा अगदी शेवटचा कोपरा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नाव दिसेल असा. आराखड्यात तीन लांब बाकडी बघून मात्र तो थबकला.

"बाकडी कशाला?"

"रॉइस, तुमच्या आईने दारी आलेल्याला कधी उभं ठेवलं होतं?" व्हर्नेल म्हणाली.

बाकडी राहिली.

मंडप देखणा झाला. पण तो बसच्या खांबापासून चाळीस पावलांवर होता, आणि बस खांबाशीच थांबायची. बायका मंडपात बसल्या तर बस निघून जायची, खांबाशी उभ्या राहिल्या तर भिजायच्या. व्हर्नेलने खांब हलवण्यासाठी काउंटीकडे अर्ज केला. उत्तर आलं, की प्रथम प्रवाशांची पाहणी होईल, त्यानंतर वाहतुकीचा अभ्यास, त्यानंतर सुनावणी, एकूण अठरा महिने.

"खांब हलवायला अठरा महिने," एमेट म्हणाला. त्याच्या धंद्यावरच घाला आला होता. "वीस मिनिटांचं काम. माती ओली असेल तर पंधरा."

एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी अकराला, जेव्हा अख्खी टॅलो काउंटी आपापल्या चर्चमध्ये बसलेली असते, तेव्हा एमेटने जुनं पिवळं शिरस्त्राण घातलं आणि कुदळ, पहार व खड्डा काढायचा चिमटा गाडीतून उतरवला. आपल्याला सर्दी झाल्याचं व्हर्नेलने पाळकाला कळवलं होतं. ओडेसाने गानवृंदाला काहीच कळवलं नव्हतं. खांब निघाला, पण बुडाला काँक्रीटचा कलिंगडाएवढा गोळा होता. एमेटचे गुडघे बोलले. व्हर्नेल हातमोजे घालून खांबाच्या टोकाची बसची निळी पाटी वरच्या वर धरून उभी होती.

"तिकडून बुडाला धर, व्हर्नेल," ओडेसा म्हणाली. "नुसती पाटी काय धरून उभी राहिलीस."

मिस हा शब्द कुठेतरी चरात पडला होता. व्हर्नेलच्या ते लक्षात आलं. ती बुडाशी गेली.

तिघं ते धूड घेऊन निम्म्या वाटेवर असताना शेरीफच्या शिपायाची गाडी हळू झाली. काच खाली गेली. शिपायाने शिरस्त्राण बघितलं, खांब बघितला, दोन म्हाताऱ्या बायका बघितल्या.

"टेलिफोनचं काम?" त्याने विचारलं.

"तीस वर्षं तेच करतोय," एमेट म्हणाला.

"रविवारी पण?"

"लोक रविवारीच जास्त बोलतात."

शिपायाने मान डोलावली आणि गाडी पुढे गेली. बाराच्या आत खांब मंडपासमोर उभा होता. एमेटने ओळंबा लावून तो सरळ केला, कारण वाकडा खांब त्याला बघवत नसे.

सोमवारी बस नव्या जागी थांबली. ड्रायव्हरला खांब दिसला, त्याने ब्रेक दाबला. काउंटीतल्या कुठल्याही कार्यालयाच्या हे कधी ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते रॉइसच्या, बुधवारी. तांब्याच्या छपराखाली, आईच्या नावाखाली, अकरा मोलकरणी पिशव्या मांडीवर घेऊन आरामात बसल्या होत्या. त्यात त्याची स्वतःचीही एक. तो तडक लाँड्रीत आला.

"तो खांब तुमच्या दाराशी होता."

"होता का?" व्हर्नेल चादरीची घडी घालत म्हणाली. "काढायचा तर काउंटीला अर्ज करा. अठरा महिने लागतात. किंवा बाकडी काढा. बातमीदाराला मी कळवते, फोटो काढायला येईल."

रॉइसने दाराकडे जाता जाता फिरत्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाला, "आईला आवडलं असतं ते, हेच तर वाईट आहे." आणि गेला.

त्याने सूड घेतला तो कायदेशीर. फूटपाथचा दुसरा टप्पा उलट्या दिशेला, त्याच्या मोकळ्या जमिनीकडे वळवला. पितळी पाट्याही लावल्या, मंडप सोडून सगळीकडे. पुढच्या वर्षीच्या बोर्डाच्या निवडणुकीत माणशी एक मताच्या जागेवर व्हर्नेल पडली. ज्यांच्या वतीने ती बोर्डावर बसली होती त्या दुकानदारांनी न्हाव्याला निवडून दिलं, कारण त्याने टोपल्या दुप्पट करायचं वचन दिलं होतं. पेंडवाला म्हातारा तिला तोंडावर म्हणाला, "तू माणूस चांगली आहेस गं. पण तुझ्यामुळे सभा लांबतात." लाँड्रीपुढच्या लाल मातीवर एमेटने टेलिफोनच्या जुन्या खांबांच्या फळ्या करून टाकल्या. त्यांवरून पाय अजून घसरतो, पण कमी.

अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात बोर्डाने गुळगुळीत कागदावर एक माहितीपुस्तिका छापली, बाहेरच्या कंपन्यांना इथे बोलवायला. मुखपृष्ठावर माणसं असलेला फोटो हवा, असं सल्लागाराने सांगितलं होतं. फोटोग्राफर दोन दिवस नक्षीदार फूटपाथवर माणसाची वाट बघत बसला, आणि शेवटी जिथे माणसं होती तिथला फोटो काढून गेला. मुखपृष्ठावर युलाली हॅलफर्ड मंडप आला, तांबं उन्हात चमकतंय, खाली बाकड्यांवर बायका हसताहेत, आणि वर ठळक अक्षरांत ‘मॅग्नोलिया गेटवे: इथे समाज जिवंत आहे.’

व्हर्नेलने एक प्रत मंडपात नेऊन ओडेसाच्या हातात दिली. ओडेसाने चष्मा लावला, पुस्तिका लांब धरली, मग जवळ धरली.

"बाकी खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत," ती म्हणाली. "पण माझे बूट बरे आलेत." आणि बस येईपर्यंत ती पुस्तिका बाकड्यावरून हातोहात फिरत राहिली.